जीपवरची गार पेटी

१७ सप्टेंबर १९७८, रविवार

पेटी चालली. चालली, चालली, चालली. चारदा लिहिलं तरी समाधान होईना.

दुपारी दुकानाची फळी आतून लावून घेतली, कारण गिऱ्हाईक आत शिरलं की नको ते प्रश्न विचारतं, आणि मी आणि महबूब पेटीपुढं मांडी घालून बसलो. महबूब म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. भंगारापासून ताडपत्रीपर्यंत जे हाताला लागेल ते विकतो. टेंभुर्णीच्या बाजूला बोअर पाडणाऱ्या परदेशी लोकांचा तळ उठला, त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात ही जपानी पेटी यानं उचलली. दिसायला ट्रंकेएवढी, वरून झाकण, आत फ्रीज. घरच्या विजेवर नाही, गाडीच्या बॅटरीवर चालणारा फ्रीज. झाकणावर चित्र आहे: तंबू, गाडी, टोपी घातलेली बाई आणि ही पेटी. चांगलं घरदार असताना ही माणसं हौसेनं रानात झोपायला जातात म्हणे, आणि जाताना फ्रीज घेऊन जातात.

आठ दिवस मी तिच्या आतड्यात हात घालून बसलो होतो. शेवटी उंदरानं कुरतडलेली एक तार सापडली. ती जोडली, बॅटरीला चिमटे लावले आणि पेटी गुरगुरायला लागली. तासाभरात आत ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली. अर्धी महबूबनं खाल्ली, अर्धी मी खाल्ली, आणि दोघं येड्यासारखे हसत बसलो.

सोलापुरात नव्या पेठेमागच्या बोळात बॅटऱ्या आणि डायनॅमो दुरुस्त करत मला नऊ वर्षं झाली. आज पहिल्यांदा वाटलं की शिवप्पा, तुला काहीतरी येतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, गाडीत माणसं बसवायची असतात, फ्रीज कशाला? आईपुढं विज्ञान टिकत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

दुकानात कमलम्मा आल्या होत्या. आमच्या मागच्या गल्लीतल्या रेवणप्पाकाकांची ही मुलगी, महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. काका मिलमधून रिटायर झालेले. त्यांना साखरेचा आजार आहे, चांगला जोराचा. अकरा वर्षं झाली, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते कमलम्माच देतात. औषधाची बाटली गारव्याला ठेवावी लागते. गल्लीत फ्रीज एकच, कोपऱ्यावरच्या सराफांकडं. म्हणून अकरा वर्षं या बाई दिवसातून दोनदा सराफांच्या दारात उभ्या असतात.

त्यांनी पेटीबद्दल विचारलं. मला वाटलं, बायकामाणसं विचारतात तसं विचारतील, केवढ्याला मिळाली वगैरे. तर पहिला प्रश्न: गाडी बंद असताना ही किती तास चालते? दुसरा: डायनॅमो किती वेळ फिरवला की बॅटरी भरते? तिसरा: बाहेर ऊन असलं तर हिशेब बदलतो का? माझा पाना हातातच राहिला. मॅट्रिक झाल्यावर धंद्यात मी जे शिकलो ते या बाईनं उभ्या उभ्या विचारून घेतलं.

मग खरी गोष्ट सांगितली. वैरागच्या अलीकडं काकांचं शेत आहे. कुंडलिक नावाचा माणूस ते कसतो. काका दर दसऱ्याला सकाळच्या एस.टी.नं जातात आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत येतात, कारण शेतावर वीज नाही आणि बाटली दिवसभर गरम हवेत राहिली तर औषधाचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. थर्मासमध्ये बर्फ घालून बघितला, दुपारपर्यंत पाणी. अकरा वर्षांत काका एक रात्र आपल्या शेतात झोपलेले नाहीत. आणि यंदा त्यांनी तोंडानं मागितलं. आपल्या मातीत चार रात्री झोपू दे, मग बाकी काही मागणार नाही, म्हणाले.

"चार रात्री," कमलम्मा म्हणाल्या. "खात्रीनं सांगा. फुशारकी नको."

"चार काय, चाळीस म्हणा की."

"मी चारच विचारल्या."

त्या गेल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडायला बसलो. चाळीस कशाला बोललो?

महबूब म्हणाला, या बाईंनी पाच स्थळं परत लावलीत, जरा जपून. स्वभाव कडक असणार. मला काय त्याचं. मला पेटी चालवून दाखवायची आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

माझ्या जीपला (भंगारातून मी स्वतः उभी केलेली, नऊ जणांनी मोडीत काढायला सांगितलेली) ट्रकची बॅटरी बसवली. पेटीची तार थेट बॅटरीवरून घेतली, मध्ये फ्यूज टाकला. रात्रभर पेटी चालवली, सकाळी इंजिन दणक्यात सुरू. हिशेब पक्का: सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास इंजिन चालवायचं, बाकी वेळ पेटी आपली आपण गुरगुरत राहील. बाटल्या दोनच आहेत. नवा माल दसऱ्यानंतरच येणार, असं औषधाच्या दुकानवाल्यानं सांगितलंय. म्हणजे या दोन खराब झाल्या तर काकांना दुसरं औषध नाही. लिहून ठेवलं की भान राहतं.

संध्याकाळी रेवणप्पाकाका पेटी बघायला आले. पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. माझं घर भाड्याचं की स्वतःचं, खोल्या किती, आईचा स्वभाव तापट आहे का, मी झोपेत घोरतो का, एवढं सगळं विचारलं. आमचा मठ कुठला तेही. मी जीपचं बॉनेट उघडून दोनदा विषय बॅटरीवर आणला, पण म्हातारपणी माणसाचं लक्ष भरकटतं. जाताना म्हणाले, "दिसायला बरा हायस की." जीपबद्दल म्हणाले असावेत.

८ ऑक्टोबर, रविवार. काकांच्या शेतावर

आलो एकदाचे. महबूबनं ताडपत्री दिली, ती दोन बाभळींना बांधून तंबू केला. कमलम्मा कुंडलिकच्या झोपडीत त्याच्या बायकोजवळ, सोनाबाईजवळ झोपतील. काका आणि मी तंबूत. चित्रातल्यासारखं सगळं झालंय, फक्त टोपीवाली बाई नाही.

निघताना आई कमलम्मांच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. मी विचारलं तर म्हणे, शेंगाचटणीचं सांगत होते. शेंगाचटणीत हसण्यासारखं काय असतं?

काका जीपमधून उतरले, चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावरून चालत गेले. रान नांगरून तयार आहे, ज्वारी पेरायची आहे. मधोमध जाऊन खाली बसले. अर्धा तास झाला, तासभर झाला. उन्हात बसलेत म्हणून मी बोलवायला निघालो तर कमलम्मांनी हात धरून थांबवलं. "बसू द्या," म्हणाल्या. मी पण बांधावरच टेकलो. माझा बाप मला आठवला.

परत आले तेव्हा धोतराला माती लागली होती. ती झटकली नाही. मी पेटीतलं गार पाणी दिलं. एका दमात प्याले आणि दात सणकले म्हणून मला शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा शिव्या खाऊन बरं वाटलं.

वस्तीवर बातमी पसरलीय. संध्याकाळपर्यंत सात घरची ताकाची गाडगी पेटीत ठेवायला आली. कमलम्मांनी एकही आत घेतलं नाही. पेटीत दोन बाटल्या, बस्स. शेवटी सोनाबाईचं एक गाडगं चाललं, कारण तिच्या झोपडीत झोपायचं आहे.

९ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी इंजिन तासभर चालवलं. चार्जिंगचा काटा कसा ताठ उभा राहतो ते बघायला सगळी वस्ती रांगेनं आली. कुंडलिक दोनदा रांगेत लागला.

दुपारी कमलम्मांनी मला बोलावलं. स्टोव्हवर काचेची सिरिंज आणि सुई उकळत होती. समोर ताटात एक वांगं. म्हणाल्या, इंजेक्शन द्यायला शिका. मी म्हणालो, मला सुईची भीती वाटते. ॲसिड हातावर सांडलं तरी मी हूं करत नाही, पण सुई बघितली की मी तोंड फिरवतो. त्या म्हणाल्या, अप्पा, म्हणजे काका, पण फिरवायचे. मी म्हणालो, तुम्ही आहात की. तर म्हणाल्या, "मी नसले तर?"

ते बरोबरच आहे. रानात आलोय, दोघांना आलेलं बरं. वांग्याला चार इंजेक्शनं दिली. वांगं दगावलं नाही. मग संध्याकाळी खरं. काका दंड पुढं करून बसले आणि माझ्याकडं न बघता बांधाकडं बघत राहिले. मी मात्र घामानं भिजलो. सुई आत, औषध आत, सुई बाहेर.

"कळलं पन न्हाय की रं," काका म्हणाले. "हिच्यापेक्षा तुजा हात हलका हाय."

मला इतका आनंद झाला की मी जीपला एक चक्कर मारून आलो. परत आलो तर कमलम्मा पाठमोऱ्या उभ्या, पदरानं डोळे पुसत होत्या. वारं सुटलं होतं, कचरा गेला असावा.

जेवताना काकांनी विचारलं, मुलीनं लग्नानंतर नोकरी केलेली तुला चालेल का? मी म्हणालो, का नाही चालणार, नऊ वर्षं मी या धंद्यात आहे, मी तर म्हणतो बायका डायनॅमो दुरुस्त करायला पण शिकल्या पाहिजेत. काकांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

१० ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी

संध्याकाळचे सहा. अक्षर वाकडं येतंय, तरी आजचं आज लिहितो.

चूक माझी. पहिल्यांदा तेच लिहितो.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. सोलापुरात माग पुजतात, लेथ पुजतात, गाड्या पुजतात, आणि पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. माझ्या बापानं पाळलं, मी पाळतो. रेवणप्पाकाकांनी एकतीस वर्षं मिलमध्ये पाळलं. एका वर्षी नव्या मॅनेजरनं नवमीला मागाचं खातं सुरू करा म्हणून सांगितलं तर काका मागासमोर आडवे झोपले होते म्हणे. असा माणूस.

तर सकाळी मी हरखून गेलो. जीप ओढ्याच्या पाण्यानं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. गोणपाटावर पाने, पकड, इंजिन फिरवायचा हँडल, सगळं ओळीत मांडलं. कुंडलिकनं नांगर, कुळव, जू आणून ठेवलं. पेटी तेवढी नाही मांडली. कमलम्मा म्हणाल्या, ते औषधाचं कपाट आहे, हत्यार नाही. पूजेआधी तासभर इंजिन चालवून दसऱ्याच्या सकाळपर्यंत निभवायचं ठरलं होतं, ते या सगळ्या धांदलीत मी साफ विसरलो.

काकांनी विभूती लावून पूजा मांडली. पण निरांजन पेटेना. रानातलं वारं, तीनदा लावलं, तीनदा विझलं. काकांचं तोंड उतरलं. वस्तीवरची वीस-पंचवीस माणसं नव्या कपड्यांत उभी. नवमीचा दिवा विझणं बरं नव्हे, असं कोणीतरी मागून पुटपुटलं. आणि मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी पुढं झालो आणि जीपचे दोन्ही हेडलाइट लावले. म्हणालो, हा घ्या वाऱ्यानं न विझणारा दिवा.

काय सांगू. सगळ्यांनी हात जोडले. सोनाबाईनं जीपला ओवाळलं. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी नुसता तरंगत होतो. आरती झाली, नारळ फुटला, मी लाइट बंद करायला गेलो.

काका म्हणाले, "आँ, हां. द्येवाम्होरं लावल्याला दिवा हाय. आपून इजवायचा नसतो. आपल्या आपन शांत हुईल तवाच."

नऊ वर्षांचा बॅटरीवाला मी. मला तिथंच सांगता आलं असतं. पण एवढ्या माणसांत, एवढं कौतुक झाल्यावर, तोंड उघडेना. म्हटलं, ट्रकची बॅटरी आहे, जाईल की निभावून. पुरणपोळी खाल्ली आणि सावलीत आडवा झालो.

दुपारी कमलम्मांनी हलवून उठवलं. "पेटीचा आवाज थांबलाय."

धावत गेलो. भर उन्हात हेडलाइट पिवळे पडून मिणमिणत होते. पेटी गप्प. मी कमलम्मांच्या तोंडाकडं बघितलं नाही, हिंमतच झाली नाही. बाहेर ऊन असं की डोळे मिटावेत. आजची संध्याकाळ, उद्या सकाळ, उद्या संध्याकाळ, परवा, सगळं त्या दोन बाटल्यांत. शेवटची एस.टी. सणामुळं आलीच नव्हती. उद्या दसरा, दुकानं बंद, आणि उघडी असती तरी माल नाही.

मी काकांना सगळं सांगितलं. विसरलो ते सांगितलं, तोंड उघडलं नाही ते पण सांगितलं. म्हणालो, हँडल उचलू द्या, पाच मिनिटांत इंजिन सुरू करतो. काका म्हणाले, न्हाय. मी म्हणालो, पाप मला लागू दे. न्हाय. मी म्हणालो, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. काका अगदी शांतपणे म्हणाले की औषधावर जगलो अकरा वर्षं, दोन रात्री या मातीत झोपलो, माझं भागलं. एकतीस वर्षं जे मोडलं न्हाय ते मरायच्या भ्यानं मोडू व्हय?

मी रडायच्या बेताला आलो. कमलम्मा मात्र रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पदर खोचून शाळेत विचारावं तसं विचारलं, "अप्पा, रथाची पूजा करून रथ जाग्यावर ठेवतात, की ओढतात?"

काका म्हणाले, "वडत्यात."

"मग ही जीप रथ समजा."

काका विचारात पडले. मी पण पडलो. कुंडलिक म्हणाला, बैल जुंपू. पण जू पूजेत होतं. कोणीतरी म्हणालं, दोर बांधू. विहिरीचा दोर पण पूजेत. तेव्हा सोनाबाई म्हणाली, "मानसाचं हात कुनी पुजलं न्हाईत की आज." आणि खरंच, धक्का मारायला हातांशिवाय काय लागतं?

काकांनी मान हलवली. पण स्टेअरिंगवर मी बसायचं नाही, कारण गाडी माझं हत्यार. कुंडलिक बसेना, तो घाबरला. कमलम्मांनी किल्लीचं आणि गिअरचं काम घेतलं. त्यांची हत्यारं खडू आणि फळा, ती सोलापुरात. मग स्टेअरिंगवर कोण? रथात देव बसतो, नाहीतर वडीलधारा. वय वर्षं त्रेसष्ट, आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेले रेवणप्पाकाका स्टेअरिंगवर बसले. मी त्यांना क्लच म्हणजे डावा पाय एवढं सांगितलं. ब्रेकचं सांगायचं राहिलं.

तेवढ्यात हेडलाइटचा शेवटचा लाल ठिपका विझला. आपला आपण. काकांनी हात जोडले, कमलम्मांनी बटण बंद केलं.

पंचवीस माणसं लागली. म्हाताऱ्या लागल्या. नव्या लुगड्यातल्या सोनाबाईचा खांदा माझ्या खांद्याशेजारी. पहिला धक्का, काही नाही. दुसरा, एक उचकी आणि परत गप्प. म्हटलं, बॅटरीत ठिणगीपुरतं पण उरलं नसलं तर संपलं. मग ओढ्याकडच्या उताराकडं तोंड केलं आणि सगळ्यांनी मिळून असा रेटा दिला की कुंडलिक तोंडावर पडला. मी ओरडलो, डावा पाय सोडा. काकांनी सोडला.

जीप धडधडली, फुर्रकन धूर निघाला आणि इंजिन लागलं.

आणि काका निघाले. ओढ्यात जाणार म्हणून मी डोळे मिटले, पण त्यांनी स्टेअरिंग गर्रकन फिरवलं आणि सरळ नांगरलेल्या रानात. झेंडूच्या माळा उडतायत, कमलम्मा दोन्ही हातांनी सीट धरून, मी मागं ब्रेक, ब्रेक करत पळतोय, माझ्यामागं सगळी वस्ती. काका थांबेनात. एक फेरा, दोन, पाच. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. सगळे दात दिसत होते. माझ्याजवळून जाताना ओरडले, "तासभर चालवायचं म्हनला हुतास न्हवं?"

बरोबर एक तास दहा मिनिटं चालवलं, मग कमलम्मांनी किल्ली फिरवून बंद केलं. पेट्रोल बरंच जळालं, पण जीपमधला डबा अजून भरलेला आहे. पेटी मधेच कधीतरी गुरगुरायला लागली होती. झाकण उघडून बघितलं, बाटल्या अजून गार होत्या. कमलम्मांनी एक बाटली गालाला लावून बघितली आणि मग तशीच माझ्या गालाला लावली. माझ्या कानातून वाफा निघाल्या.

काका उतरल्यावर मी विचारलं, आता मोडलं की नाही? म्हणाले, "म्या कुटं चालवली. तिनंच मला फिरवलं."

११ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

हत्यारं उचलली. पहिल्यांदा इंजिन तासभर चालवलं. आज विसरलो असतो तर स्वतःच स्वतःला ओढ्यात ढकललं असतं.

सोनं लुटलं. वस्तीवरची सगळी काकांच्या पाया पडायला आली आणि जो तो "ड्रायव्हरसाहेब" म्हणून हाक मारून गेला. काका खूश. पायाला मुंग्या आल्यात, अंग ठेचकाळलंय, पण झोप अशी लागली म्हणाले की कोंबडं ऐकलंच नाही. कमलम्मांनी सकाळी लघवी तपासली, साखर ताब्यात आहे. औषध चांगलंय. मी तीनदा खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या.

सकाळच्या इंजेक्शनची वेळ झाली. कमलम्मांनी सिरिंज उकळून घेतली, तर काका म्हणाले, आज शिवप्पा दील. मी दिलं. काकांनी बाही खाली केली आणि विचारलं, "रोज दोन टायमाला जमंल का रं तुला?"

मी म्हणालो, त्यात काय, सकाळी दुकान उघडायच्या आधी येत जाईन, संध्याकाळी बंद केल्यावर येत जाईन, एका गल्लीचं तर अंतर. काकांनी कपाळावर हात मारला आणि कमलम्मांकडं बघितलं. "तूच सांग बाई. ह्येच्या डोक्यात निस्ती बॅटरी हाय."

कमलम्मा हातातलं सगळं खाली ठेवून माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, कालच्या चुकीचं आता बोलणार.

"मला बघायला पाच जण आले," त्या म्हणाल्या. "पाचांना मी एकच सांगितलं. अप्पा माझ्याबरोबर येणार, त्यांचं औषध, त्यांची सुई, सगळं घेऊन. चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. बापाला घेऊन सासरी येणारी बायको कोणाला पाहिजे?"

मी हातातला कापूस खाली ठेवला.

"तुम्हाला अट घालत नाही, शिवप्पा. विचारते."

आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा कुठं मला कळलं. खोल्या किती. घोरतोस का. वांगं. सगळं एकदम अंगावर आलं आणि मी उभा राहिलो, मग बसलो, मग परत उभा राहिलो. काय काय बोलायला पाहिजे होतं. माझ्या तोंडातून एवढंच निघालं की आमच्या पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे, वारं चांगलं येतं, काकांची खाट तिथं टाकू.

कमलम्मा हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि मी पेटीतलं पाणी आणायला पळालो. पाणी आणेपर्यंत काका परत बांधावर निघून गेले होते. जाताना एवढंच म्हणाले की खाट भिंतीला चिकटवून टाकू नको, ढेकूण होतात.

दुपारभर मी काय केलं ते सांगता येणार नाही. कुंडलिकला दोनदा मिठी मारली. तो बिचारा घाबरला. जीपचे सगळे नट उगीच आवळले. सोनाबाईनं विचारलं, ताप आलाय का? मी म्हणालो, हो.

आता सूर्य खाली गेलाय. ही इथली चौथी रात्र, उद्या सकाळी निघायचं. काका मधोमध मातीत बसलेत. सुई मी उकळायला ठेवलीय, वेळ मी बघतोय, बाटली मी काढणार आहे. आणि कमलम्मा बांधावर पाय सोडून बसलीय. तिच्या हातात काही नाही, तिला कुठं जायचं नाही, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ती संध्याकाळी सहा वाजता नुसती बसलीय.